आडनाव सोडा, माहेरचं गाव धरा

ताई, प्रश्न वाचला. काकांनी काढलेल्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि बाई एकही नाही. आर्वी तालुक्यातल्या घरी आजीची पत्र्याची पेटी आहे, तिच्यात पंधरा-वीस फोटो. आणि चौऱ्याऐंशीची आजी म्हणते, "मले काई आठवत नाई." घरातल्या बायकांच्या पिढ्या शोधायला सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. मी दारव्ह्याकडची. बारा-तेरा वर्षांपासून हा उद्योग करते, त्यातली पहिली तीन चुकीच्या जागी शोधण्यात गेली.

मी नावांच्या मागे होते. बाईचं नाव लग्नात बदलायचं, आडनाव तर बदलायचंच. शिवाय ते नाव घेणार कोण? आमच्या वाड्यात आजीला नावानं हाक मारलेली कोणालाच आठवत नाही. ती 'दर्यापूरवाली', तिची जाऊ 'कारंजावाली'. मला आधी याचा राग यायचा. नंतर लक्षात आलं की अरे, हा तर पत्ताच आहे! नळाच्या घरी गेलेल्या दमयंतीला पोथ्यांत 'वैदर्भी' म्हणतात, ती हीच चाल. आई, तिची आई, तिची आई असं मागे गेलं की दर पिढीला गाव बदलतं. तेव्हा वहीत आधी गावांची रांग लिहा, नावांची जागा रिकामी राहू द्या. आमची रांग लिहिली तेव्हा दिसलं की तीन पिढ्यांच्या लेकी शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या, रुळांच्या आसपासच दिलेल्या: दर्यापूर, कारंजा, दारव्हा. गाडीनं एका दिवसात माहेरी पोचता येईल, एवढाच हिशेब असावा.

गाव कळलं की कागद शोधता येतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून आजीच्या थोरल्या लेकराची जन्मनोंद सासरच्या नाही, माहेरच्या गावच्या कोतवाल पंजीत, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, असू शकते. जात पडताळणीसाठी तहसीलच्या चकरा मारणारे कितीतरी लोक इथंच फसतात. नोंद सापडली तरी 'अमक्यास मुलगी झाली' एवढीच असेल, आईचं नाव नाही, मुलीचंही नाही. तयारी ठेवा. आजीचं माहेर वर्धा नदीच्या पलीकडे अमरावतीच्या बाजूला असेल तर तो वऱ्हाड, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारातला निजामाचा मुलूख. आर्वीकडे मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत होती, ती १९५१ साली गेली. त्यामुळे दोन्हीकडच्या कागदांची ठेवण वेगळी. १९०५ च्या आधीचा कागद असेल तर जिल्ह्याच्या नावानं गोंधळू नका, तेव्हा एलिचपूर (आजचं अचलपूर) वेगळा जिल्हा होता आणि यवतमाळच्या जिल्ह्याला वणीचं नाव होतं. 'वल्द' म्हणजे मुलगा, 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. हे तीन शब्द ओळखता आले की निम्मं काम होतं.

मला सगळ्यात जास्त दिलं ते हक्कसोडपत्रानं. बहिणींनी भावांच्या नावे वावर सोडून दिलं, त्या एका कागदावर चारही बहिणींची नावं, वयं, नवरे आणि राहती गावं. बाईचं नाव कागदावर येतं ते बहुधा काहीतरी सोडून देताना. वाचताना बरं वाटत नाही, पण नक्कल काढून ठेवा.

आता फोटो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. मी काढला. पणजीचा चेहरा काचेवर राहिला आणि माझ्या हातात नुसता पदर आला. काचेसकटच, दाराशी उजेडात, जरा तिरपा मोबाइल धरून फोटो घ्या. मागची बाजूही घ्या, तिथं स्टुडिओचा शिक्का असतो आणि शिक्क्यावर शहर. आणि आजीला "ही कोण?" असं विचारू नका, परीक्षेसारखं होतं, मग "आठवत नाई" हेच उत्तर. आमच्या आजीला मी एकदा सहज म्हटलं, "लुगडं काय भारी आहे गं!" तशी ती फणकारली, "माह्यं कुठचं? कारंजावालीचं होय ते. फोटोपुरतं देल्लं न् घरी येताच काढून घेतलं." मग तासभर ती जावेवरच बोलत होती. बाजूला उभी असलेली बाई कोण, हे मी न विचारताच कळलं: दुसऱ्या बाळंतपणात गेलेली तिची थोरली बहीण.

पेटी झाली की भांडी बघा. पितळी गुंड, कोपर, डबे उलटे करा, काठ पुसा. आंदणाच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, नातं, कधीकधी तारीखही कोरलेली असते. पणजीचं माहेरचं नाव मला एका गुंडाच्या काठावर मिळालं, तोवर त्यात आम्ही सरकी भरून ठेवत होतो. हे मोडीत जायच्या आत करा.

सालाचं म्हणाल तर बायका आकडे सांगत नाहीत, खूण सांगतात. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वर्षी म्हटलं की १९१८. आमची आजी म्हणायची, "कायदा येनार म्हून एकाच मांडवात चार पोरींचं उरकलं." तो बालविवाह रोखणारा शारदा कायदा, १ एप्रिल १९३० ला लागू झाला. म्हणजे लगीन त्याच्या आधीचं, आजी तेव्हा नऊ-दहाची. तुमच्या आजीला गाडगेबाबा गेले ते वर्ष विचारा, १९५६. ती तेव्हा पंधराएक वर्षांची असेल. लगीन झालं होतं का, माहेरी होती की सासरी, हे तिला बरोबर सांगता येईल.

वंशावळ सांगणारे भाट यायचे, त्र्यंबकेश्वरला पुरोहितांकडे घराण्यांची नामावळी आहे वगैरे सल्ले तुम्हाला मिळतीलच. जाऊन या, पण काकांची वंशावळ तिथलीच असेल असा माझा अंदाज आहे.

आजीचं माहेर नेमकं कुठलं ते इथं लिहा. आष्टीकडचं असेल तर १६ ऑगस्ट १९४२ ला, चले जाव आंदोलनातल्या आष्टीच्या उठावाच्या दिवशी, तिची आई कुठं होती, एवढं एकच आज विचारून घ्या. आजी तेव्हा कडेवरची असेल, पण त्या दिवसाचं तिनं आईकडून शंभरदा ऐकलं असणार.