नोकरी सांभाळून कादंबरी लिहायची आहे. एखाद्या यशस्वी कादंबरीकाराच्या आत्मचरित्रातून लेखन शिकता येतं का?

येतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरात दोन लहान मुलं आहेत, आणि 'प्रेरणा कशी टिकवावी, कथानक कसं रचावं' हे सांगणारं पुस्तक हवंय. तिथे थोडी पंचाईत आहे, कारण मी सुचवतोय तो लेखक प्रेरणेला हिंग लावूनही विचारत नाही.

अँथनी ट्रोलॉप. इंग्लंडच्या टपाल खात्यातला माणूस. १८३४ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत कारकून म्हणून चिकटला आणि १८६७ मध्ये राजीनामा दिला. नोकरीतल्या आणि नंतरच्या मिळून कादंबऱ्या ४७. आत्मचरित्र लिहून मुलाच्या हवाली केलं, ते त्याच्या पश्चात १८८३ मध्ये छापलं गेलं. मीही पोस्टातलाच, सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

त्याची पद्धत अशी. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं. उठवायला एक नोकर, त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा. पहिला अर्धा तास काल लिहिलेलं वाचायचं, वाक्यांचा नाद कानाने तपासत. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. रोज किती पानं झाली ते वहीत मांडायचं. आठवड्याला सरासरी ४० पानं. कधी २०, एकदा तर ११२. खात्याच्या कामासाठी सतत रेल्वेचा प्रवास, म्हणून मांडीवर ठेवायची पाटी करून घेतली आणि डब्यात पेन्सिलीने लिहायला लागला. खात्याच्याच कामासाठी इजिप्तला जाताना बोट लागली, तर कागद टेबलावर टाकून ओकायला धावायचा आणि परत येऊन पुढचं वाक्य.

हे मी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सांगितलं होतं. महिन्यातून एकदा तिथे साहित्यप्रेमी मंडळी जमायची. बोलण्याच्या भरात मी माझीही वही दाखवली. तारीख, पानं, शेरा असे तीन रकाने. शेऱ्यात 'आर. डी.चा हिशेब जुळेना, शून्य', 'मेहुणीचं लग्न, अर्धं पान', असलं काहीबाही. अध्यक्षस्थानी एक निवृत्त प्राध्यापक होते, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे. वही त्यांनी दोन बोटांनी उघडली, शेऱ्याचा रकाना मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "अहो पोस्टमास्तर, साहित्य म्हणजे काय मनीऑर्डर आहे, रोज बटवडा करायला?" हशा पिकला. वर हेही ऐकवलं, की त्या ट्रोलॉपने हिशेब छापले आणि स्वतःच्याच नावाला बट्टा लावून घेतला.

दुसरं अगदीच खोटं नाही. आत्मचरित्राच्या शेवटी त्याने कोष्टकच दिलंय, कुठल्या पुस्तकाचे किती मिळाले, शिलिंग-पेन्सपर्यंत. एकूण जवळजवळ ६९ हजार पौंड. ते बघून तेव्हाच्या रसिकांनी नाकं मुरडली. मुरडोत. बारचेस्टर या काल्पनिक गावातल्या पाद्र्यांवरच्या त्याच्या कादंबऱ्या आजही छापल्या जातात, नाकं मुरडणाऱ्यांची नावं शोधावी लागतात.

आणि मी सरांना मराठीतलंच उदाहरण द्यायला हवं होतं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' हप्त्याहप्त्याने 'करमणूक'मध्ये आली. साप्ताहिक निघायचं म्हणजे मजकूर वेळेवर द्यावाच लागतो, तिथे प्रतिभेची वाट बघत बसता येत नाही. तिच्या नायिकेच्या, यमूच्या दुःखाची खोली त्याने कुठे कमी झाली? हीच कादंबरी सरांनी वर्षानुवर्षं कॉलेजात शिकवली, पण ती हप्त्यांनी लिहिली गेली या गोष्टीचा त्यांना कधी त्रास झाला नाही. पोस्टमास्तरच्या वहीचा मात्र झाला.

आता खरा मुद्दा. ती वही म्हणजे नुसती शिस्त नाही, आणि लोक हे पुस्तक वाचून 'रोज लिहा' एवढंच घेऊन जातात ते चूक आहे. ट्रोलॉप रोज बसायचा तो आपल्या माणसांत राहण्यासाठी. तो म्हणतो, कादंबरीतला महिना संपला की त्यातलं प्रत्येक माणूस महिन्याने मोठं झालेलं असलं पाहिजे. हे आठवड्यातून एका रविवारी लिहिणाऱ्याला जमत नाही, मधल्या सहा दिवसांत पात्रं परकी होतात. आत्मचरित्रात एक किस्सा आहे. लंडनच्या अथेनियम क्लबमध्ये दोन पाद्री त्याच्याच कादंबऱ्या वाचत कुरकुरत होते, की हा तीच तीच पात्रं आणतो. विशेष राग बिशपच्या कजाग बायकोवर, मिसेस प्राउडीवर. ट्रोलॉप शेजारीच बसला होता. तो उठला, म्हणाला, "तो मीच. घरी जातो आणि आठवड्याच्या आत तिला मारतो." मारलीही. आणि पुढे लिहितो, की तिची सवय काही सुटली नाही, तिचं भूत अजून सोबत आहे. दर पाव तासाला शब्द मोजणारा माणूस आहे हा. कारकुनी म्हणायची तर खुशाल म्हणा.

या बारचेस्टरच्या कादंबरीमालेचं बीजही नोकरीच्या फिरतीतलंच. खेड्यापाड्यांत टपाल पोचवायच्या वाटा आखत घोड्यावरून हिंडत असताना एका उन्हाळी संध्याकाळी तो सॉल्झबरीच्या कॅथीड्रलभोवती रेंगाळला, तिथे मालेतली पहिली कादंबरी 'द वॉर्डन' सुचली. त्यामुळे 'नोकरीमुळे लिहिणं राहिलं' म्हणणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही. सरांना तर पेन्शन होतं, दुपारी मोकळ्या होत्या, आणि एक कादंबरी 'डोक्यात पूर्ण तयार' होती. अजूनही तिथेच आहे. माझ्या बऱ्याच कथा साभार परत आल्या, काही दिवाळी अंकांत लागल्या, एक कादंबरी निघाली. थोर वगैरे नाही, पण वाचनालयाच्या कपाटात आहे.

हे सगळं वाचून लगेच पहाटेचा गजर लावू नका. ट्रोलॉपला उठवायला नोकर होता आणि पेन्सिलीने लिहिलेल्याची स्वच्छ प्रत बायको करून द्यायची. तुमच्या घरी असं कोणी नसणार. तुम्हाला त्याची आई जास्त उपयोगी पडेल. फ्रान्सिस ट्रोलॉपचं पहिलं पुस्तक पन्नाशी उलटल्यावर आलं. नवरा आणि मुलगा अंथरुणाला खिळलेले, आणि तिच्या खोल्यांत औषधाच्या बाटल्यांशेजारी शाईची दौत, असं मुलानेच लिहून ठेवलंय. ती प्रकरणं आधी वाचा. आणि हो, रोज लिहून चांगलंच लिहिलं जातं असंही नाही. ४७ पैकी निम्म्याअधिक मी अर्ध्यावर सोडल्यात.

कथानकाचं राहिलंच. त्यात हे पुस्तक काहीच मदत करत नाही. आपण कथानकाच्या मागे फारसे लागलो नाही हे तो स्वतःच कबूल करतो, आणि 'डॉक्टर थॉर्न'चं कथानक तर त्याने थोरल्या भावाकडून मागून घेतलं होतं. शिकारीच्या वर्णनाची पानं वगळलीत तरी चालेल.