आकाशवाणी खासगी असू शकते का?

प्रश्न असा आहे: ‘खासगी एफएम केंद्राला आकाशवाणी म्हटले तर चूक का? नभोवाणी आणि आकाशवाणी एकच ना?’

आजच्या वापरात म्हणू नये, हे खरे. पण रेडिओसाठी हा शब्द गाजला तो एका खासगी, घरगुती केंद्रामुळे, हे मला फार मोलाचे वाटते.

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर 1935 मध्ये राहत्या घरी 30 वॅटचा प्रक्षेपक लावून केंद्र सुरू केले. त्याचे नाव ‘आकाशवाणी’. तोवर हा शब्द पुराणकथांतला. देवकीच्या वरातीत कंसाने ऐकली ती आकाशवाणी: बोलणारा दिसत नाही, शब्द मात्र स्पष्ट ऐकू येतात. रेडिओला याहून नेमके नाव सुचणे कठीण! पुढे या केंद्राचे रूप पालटत गेले. 1942 मध्ये ते म्हैसूर संस्थानाने चालवायला घेतले, 1950 मध्ये ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले आणि 1955 मध्ये बंगळूरला हलले. घरचे केंद्र संस्थानी झाले, मग सरकारी. शब्दही त्याच वाटेने गेला. 1957 पासून ‘आकाशवाणी’ हे ऑल इंडिया रेडिओचे अधिकृत नाव झाले आणि सामान्यनामाचे विशेषनाम बनले. 2023 मध्ये तर इंग्रजी नाव सोडून सर्वत्र ‘आकाशवाणी’च वापरा, असा आदेश निघाला.

म्हणून ‘मी आकाशवाणीवर ऐकले’ म्हटले की सरकारी केंद्रच डोळ्यांपुढे येते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे सामुदायिक रेडिओ केंद्रही स्वतःला आकाशवाणी म्हणवत नाही; त्याचे नाव ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे.

नभोवाणी (नभस् + वाणी, ‘मनोवृत्ती’सारखाच संधी) मात्र कुणा एका संस्थेची झाली नाही. अर्थ तोच, पण ती माध्यमाचे नाव राहिली. ‘नभोनाट्य’ म्हणजे रेडिओसाठी लिहिलेले नाटक, मग ते कोणत्याही केंद्रावर होवो. तमिळमध्येही ‘आकाशवाणी’ नाव लादण्याला विरोध झाला आणि ‘वानोलि’, म्हणजे आकाशातला आवाज, हाच शब्द टिकला.

तेव्हा संस्थेसाठी आकाशवाणी आणि माध्यमासाठी नभोवाणी लिहावे. बोलताना ‘रेडिओ’ म्हणायलाही काहीच हरकत नाही. तो शब्द केव्हाच आपल्या घरचा झाला आहे.