भावाला एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळतात, त्रासही होत नाही, तरी तो मधेच का सोडतो?

तुम्ही लिहिलंय, दोन वर्षं झाली तरी भाऊ मधेच आठवडाभर गोळ्या बंद करतो, विसरतो का? मला वाटतं, विसरत नसेल. लपवत असेल.

मी 2009 पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांवर आहे. तेव्हा गोळ्या सकाळ-संध्याकाळ असायच्या. बाटली खुळखुळते, म्हणून आत कापूस कोंबून ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. नणंदेच्या लग्नात घर पाहुण्यांनी भरलं, डब्यापाशी सतत कुणीतरी. चार दिवस गोळी घेताच आली नाही. सेंटरवर उरलेल्या गोळ्या मोजतात, म्हणून त्या आठ गोळ्या मोरीत टाकल्या आणि काउन्सेलर मॅडमना सांगितलं, एकही चुकली नाही. त्या खोट्याची इतकी लाज वाटली, की पुढच्या महिन्यात गेलेच नाही.

गोळी 2004 पासून सरकारी केंद्रांत फुकट आहे, पण तिथे जायचा दिवस फुकट नसतो. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि रांगेत गावचं कुणी भेटेल ही धास्ती असतेच. शिवाय अंगात ताकद आली की मन म्हणतं, आजाराची आठवण करून देणारी ही गोळीच नको.

नवरा गेल्यावर सासूबाईंनी कधी हा विषय काढला नव्हता. एका रात्री नऊला पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "वेळ झाली ना गं तुझी?" दुसऱ्या दिवशी बाटली डब्यातून फळीवर आली.

तेव्हा किती चुकल्या याचा हिशेब भावाकडे मागू नका. आधी विचारा, गोळ्या ठेवतोस कुठे, घेताना घरात कोण असतं? आता बहुतेकांना टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, दिवसाला एकच गोळी असते, ती जेवणाआधी-नंतर कधीही चालते. रात्री अडचण होत असेल तर सेंटरवर विचारून वेळ बदलून घ्या. गावाजवळच्या लिंक सेंटरवर, म्हणजे मोठ्या सेंटरला जोडलेल्या छोट्या केंद्रावर, गोळ्या मिळतील का, तेही तिथेच विचारा. खंड पडलाय हे त्यानं खरं सांगायलाच हवं, कारण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, वाढला असेल तर तो वेळेत कळायला हवा. जाताना तुम्ही सोबत जा. जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर 1097 ही फुकट हेल्पलाइन आहे.

आणि एक विचारा त्याला: नियमित गोळ्यांनी व्हायरल लोड तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे कुणी सांगितलंय का? मला फार उशिरा कळलं.