सहा माणसं, पाच रात्री आणि डिस्नेचं जेवण

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही दोघं नाशिकहून मुलाकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. तिथून सगळे मिळून ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड बघायचं ठरलंय. आम्ही दोघं, मुलगा, सून, १० वर्षांचा नातू आणि ६ वर्षांची नात. पाच रात्री डिस्नेच्याच हॉटेलात, सहाजणांच्या एका मोठ्या खोलीत राहू. मुलगा म्हणतो, जेवणाची योजना आधीच घेऊन टाकू, तिथे रोज पाकीट काढायला नको. आम्ही दोघं आणि सून शाकाहारी. माझं रात्रीचं जेवण म्हणजे दूधभात. शिवाय मधे संकष्टी येते. मुलाचा उत्साह मोडवत नाही, पण आकडा ऐकून धस्स झालं. घ्यावी का?

उत्तर : तुमच्या घरासाठी घेऊ नका. मुलाला हे सांगताना हाताशी हिशेब असावा, म्हणून सगळं मांडते.

योजना दोन प्रकारच्या आहेत. साधीत माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक खाऊ मिळतो. मोठीत एक काउंटरवरचं जेवण, एक बसून वाढलेलं जेवण आणि एक खाऊ. दोन्हींबरोबर एक मग मिळतो, तो हॉटेलात हवा तितक्या वेळा भरून घ्या, पार्कमध्ये तो चालत नाही. कोविडमुळे बंद पडलेली ही योजना जानेवारी २०२४ मध्ये परत सुरू झाली, तेव्हा मोठ्या माणसाला साधीचे ५७ डॉलर आणि मोठीचे ९४ डॉलर पडत होते. मुलांना २४ आणि ३०. मी हेच आकडे धरते, तुम्ही बुकिंगच्या वेळचे घालून पुन्हा गुणाकार करा.

आता तुमच्या नातवाचं वय. डिस्नेच्या लेखी ३ ते ९ म्हणजे मूल. दहावं लागलं की तो मोठा माणूस, मग तो अर्धा पिझ्झा खाऊन उठला तरी पैसे तुमच्याएवढेच. म्हणजे तुमच्याकडे मोठे पाच आणि मूल एक. साध्या योजनेचे रात्रीला ३०९ डॉलर होतात, पाच रात्रींचे १,५४५. मोठीचे २,५००. डॉलरला ८५ रुपये धरले तर मोठ्या योजनेचे दोन लाखांच्या वर जातात. आणि एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाला ती घ्यावीच लागते. दूधभात खाणाऱ्या आजीलासुद्धा.

त्या ५७ डॉलरमध्ये तुमच्या ताटात काय येतं ते बघू. काउंटरवर शाकाहारी जेवण साधारण १५ डॉलरला, सोडा पाचाच्या आत, खाऊ सहा-सात. दोन्ही वेळा सोडा घेतला, खाऊ घेतला, मगचे पैसे पाच रात्रींत विभागून धरले, साडेसहा टक्के कर धरला, तरी मी ५३-५४ च्या पुढे जात नाही. आपली पिढी तर तिथे पाणीच पिते. काउंटरवर बर्फाचं पाणी पेल्यातून फुकट मिळतं, मागायला संकोच करू नका. पाणी पिणाऱ्या शाकाहारी माणसाचे दिवसाला ३८-४० डॉलर होतात. उरलेले सतरा-अठरा दर माणशी, दर दिवशी वाया.

आणि ताटं मोठी असतात. माझे दीर आणि जाऊबाई पहिल्या दिवशी डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कमधल्या सातुली कँटीनमध्ये दोघांत दोन बाउल घेऊन बसले. भात, टोफू, भाज्या, वर सॉस. दुपारचं ऊन असं की तोंडाला चव नाही. अर्ध्यावर दोघांचेही हात थांबले. जाऊबाई अन्न टाकायचं नाही म्हणून शेवटचा टोफू चमच्याने कोपऱ्यात लोटत होत्या, खातही नव्हत्या आणि सोडतही नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून दोघांत एक बाउल आणि बरोबर एखादं फळ, इतकंच घेतलं आणि दोघंही खूष. योजना असती तर हेच करताना त्यांचा जीव खालीवर झाला असता, कारण पैसे दोन बाउलचे भरलेले. सुट्टीत माणसं भूक नसताना खातात ती यामुळे, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

संकष्टीची काळजी मात्र करू नका. योजना घेतलीत तरी त्या दिवसाची जेवणं त्या दिवशीच संपत नाहीत. सगळ्यांची क्रेडिट्स, म्हणजे आधीच पैसे भरलेली जेवणं आणि खाऊ, एकत्र जमा असतात आणि हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालतात. त्यानंतर मात्र गेली. माझ्या भाच्याच्या घरच्यांनी मोजायचा कंटाळा केला आणि शेवटच्या संध्याकाळी अकरा खाऊ शिल्लक निघाले. मग बिस्किटांचे पुडे आणि गोळ्यांच्या पिशव्या बॅगेत कोंबून घरी नेल्या. चूक त्यांचीच, पण होते ती अशीच.

मुलगा म्हणेल, ‘मिकीबरोबर जेवण आहे, ते कसं करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. कंटेम्पररी हॉटेलातल्या शेफ मिकीजसारख्या ठिकाणी मिकी स्वतः टेबलापाशी येतो, नातीसाठी तो क्षण मोलाचा. आम्ही गेलो तेव्हा रात्रीच्या जेवणाचे मोठ्यांना ६६ आणि मुलांना ४० च्या आसपास होते. रोज रात्री असं एक जेवण घेणार असाल तर मोठी योजना परवडते, आणि सहा वर्षांच्या मुलाची ३० डॉलरची योजना तर एकाच जेवणात वसूल होते. दहाच्या आतली तीन मुलं, दोन तरुण आईबाप, तीन-चार संध्याकाळी अशी जेवणं आणि जोडीला वाइनचा पेला (एकवीस वर्षांवरच्यांना सरबताऐवजी तो घेता येतो), असं कुटुंब असेल तर त्यांना मी घ्या म्हणेन. कधीकधी डिस्ने लहान मुलांची योजना मोफत देतं, तेव्हा त्यांचा फायदा आणखी वाढतो. पण रोज रात्री दीड तास बुफेत बसायचं तुमच्या गुडघ्यांना आणि नातीच्या झोपेला झेपेल का? टिपही योजनेत नाही. सहा माणसांच्या टेबलाला १८ टक्के आपोआप लागते, म्हणजे मिकीच्या एका रात्रीमागे पासष्टच्या वर डॉलर वरून.

मी तुमच्या जागी असते तर अशी गेले असते. आर्ट ऑफ ॲनिमेशन हॉटेलात सहाजणांचे फॅमिली स्वीट आहेत, त्यात छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो. तुमची खोली तीच असेल तर सकाळचं दूध, पोहे, फळं खोलीतच करा. तुमचा दूधभातही तिथेच होईल, सुनेला तयार भाताची पाकिटं आणायला सांगा. दोन्ही वेळा काउंटरवर सहाजणांत पाच ताटं आणि पाच-सहा खाऊ धरले तर करासकट दिवसाला साधारण १९० डॉलर, पाच दिवसांचे साडेनऊशे. त्यात एकदा सगळ्यांनी मिकीबरोबर न्याहारी करा, ती रात्रीपेक्षा स्वस्त. कर-टिप धरून तीनशे ऐंशीच्या आसपास. बेरीज साडेतेराशेच्या आत राहते. साध्या योजनेपेक्षा दोनशे डॉलर कमी, आणि त्या योजनेत मिकी नाहीच.

पाकीट काढायचा त्रास नको असेल तर डिस्नेची गिफ्ट कार्डं घ्या, साडेतेराशे डॉलर त्यात भरा आणि तेवढेच वापरा. मुलाला हवी ती मोकळीक मिळते.

वाचलेल्या पैशांत एक जेवण माझ्या आग्रहाखातर. ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेजमध्ये ‘सना’ हे रेस्टॉरंट आहे. तिथे नानसारख्या वेगवेगळ्या भाकऱ्या-रोट्या आणि नऊ प्रकारची तोंडी लावणी मिळतात, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, काकडीचं रायतं, लसणाचं लोणचं. चार दिवस सँडविच खाऊन कंटाळलेल्या माझ्या आईने चिंचेची चटणी चाखली आणि काही न बोलता वाटी आपल्याकडे ओढून घेतली. काचेपलीकडे जिराफ पाला ओरबाडत होता. दुपारचंच घ्या, अंधार पडला की प्राणी दिसत नाहीत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मार्चमध्येच मुलाला आठवण करा. योजना घेतली म्हणून टेबल राखून ठेवत नाहीत, हेही त्याला सांगा.

प्रश्न : पार्कमध्ये घरचा डबा नेऊ देतात का? सासूबाईंना मेतकूट आणि दशम्या लागतात. — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नेऊ देतात. काचेच्या बरण्या आणि दारू नको, आणि पदार्थ तिथे गरम करायला लागणारा नसावा. दशम्या त्यात चोख बसतात. दुधात मळलेल्या असतील तर फ्लोरिडाच्या उन्हात दुपारपर्यंतच ठेवा. सासूबाईंना काउंटरवर काही घ्यायचं झालं तर मेन्यूवर हिरव्या पानाची खूण बघा, त्यात मांस, दूध, अंडं काहीच नसतं. फ्रेंच फ्राइज मात्र कशात तळले ते विचारूनच घ्या. लोणच्याची बाटली प्लास्टिकची असू द्या.