गणिताच्या वहीतली किनार

पत्र : "ताई, मी ३१ वर्षांची आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठ वर्षं चेकिंग आणि घडी-पॅकिंगला आहे. तुझ्यात गुण आहेत असं सगळे म्हणतात, पण इंग्लिश स्पीकिंग, शिवणकाम, कॉम्प्युटर असं तीनदा सुरू केलं आणि महिन्याभरात सोडलं. धाकटी बहीण पुण्यात कंपनीत आहे. सासूबाई म्हणतात, आता मुलीचं बघ. मुलीच्या गणिताच्या जुन्या वहीत चौकटी भरून किनारी काढत बसते, तेवढंच बरं वाटतं. स्वतःमधली क्षमता ओळखायची कशी आणि वाढवायची कशी?" – एक वाचक, सोलापूर

ताई, चौकटींचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात. उत्तर तिथूनच सुरू होतं.

क्षमता विचार करून सापडत नाही, ती केलेल्या कामात दिसते. गेलं वर्ष आठवा आणि तीन गोष्टी लिहून काढा. कोणत्या कामासाठी लोक तुम्हालाच विचारायला येतात? कुणी न सांगता तुम्ही काय करत बसता? आणि इतरांच्या नजरेतून सुटणारी कोणती चूक तुम्हाला चटकन दिसते? तिसरा प्रश्न सगळ्यात भरवशाचा. आठ वर्षं चेकिंगला आहात म्हणजे सुटलेला धागा, ओढलेला लूप, सरकलेली किनार तुम्हाला लांबूनही कळत असणार. त्यात किनारी काढायची ओढ मिळवली, तर डिझाइनकडं जाणारी वाट स्पष्ट दिसते. आधीचे तिन्ही क्लास दुसऱ्यांकडं बघून निवडलेले वाटतात. ते सुटले म्हणून स्वतःला चंचल ठरवू नका.

पण नुसती आवड पुरत नाही. कौशल्य नेमक्या चुका दुरुस्त करत गेल्यानं वाढतं. दहा हजार तासांची गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात तो आकडा बर्लिनमधल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची सरासरी म्हणून आला होता. तेवढे तास भरले की कुणीही तरबेज होतं, असा त्याचा अर्थ नाही. सरावात काय सुधारायचं हे ठरलेलं असावं लागतं.

तुमच्याच वहीचं बघा. गणिताच्या वहीतली चौकट चारही बाजूंनी सारखी असते, कापड तसं नसतं. समजा, एका इंचात उभे धागे ४० आणि आडवे ६० आहेत. वहीत तुम्ही ६० बाय ६० चौकटींचं गोल फूल काढलंत, तर मागावर ते दीड इंच रुंद आणि एक इंच उंच येईल, म्हणजे चपटं. म्हणूनच डिझायनर धाग्यांच्या प्रमाणात आखलेला आलेख कागद वापरतात. दुसरी अडचण रिपीटची, म्हणजे तोच नमुना पुन्हा पुन्हा जोडण्याची. फुलाची उजवी कड पुढच्या फुलाच्या डाव्या कडेला जुळली नाही, तर किनारीत दर वेळी तिथंच खाच दिसते. कागद गुंडाळून दोन्ही कडा एकमेकींना लावून बघा, खाच लगेच सापडेल. अशा एकेका चुकीला एक आठवडा द्या.

वेळ रोज ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे. एकूण ४० तास होतात. दसऱ्याला वहीची पूजा करून सुरुवात केलीत, तर साधारण जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पुरे होतील. 'वेळ मिळेल तेव्हा' असं ठरवलंत तर चौथ्यांदाही सुटेल. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली 'जर-तर' पद्धत इथं कामी येते : 'मुलगी अभ्यासाला बसली, की मी शेजारी वही उघडीन.' पाणी यायचा दिवस आधीच वगळा, त्या दिवशी काही होणार नाही हे सोलापुरात सांगायला नको. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ८० मिनिटं बसू नका. भरपाईच्या ओझ्याखालीच बहुतेकांचा सराव मोडतो. लागोपाठ दोन दिवस चुकले, तर तिसऱ्या दिवशी फक्त दहा मिनिटं बसा, पण बसा.

दर आठवड्याला एक नमुना पूर्ण करा, अर्धवट पाच नकोत. तो कारखान्यातल्या डिझायनरला किंवा जुन्या जाणत्या विणकराला दाखवा. 'कसं झालंय?' असं विचारलंत तर 'छान' एवढंच ऐकायला मिळेल. 'हे मागावर घेतलं तर कुठं अडेल?' असं विचारा आणि उत्तर तारखेसह वहीत लिहा. मालकाचं चालू डिझाइन मात्र उतरवू नका, नोकरी आणि नाव दोन्ही जातील.

पैसे आत्ता घालवू नका. लॅपटॉप नको, क्लासही नको. आलेख वही, पेन्सिल आणि खोडरबर पुरे. नोकरी तर अजिबात सोडू नका, कापड तुमच्या हाताखालून जातं ती जागाच तुमची शाळा आहे. सासूबाईंशी 'मला पुढं जायचंय' यावर वाद घालू नका. रात्रीची भांडी की मुलीचा डबा, कुणी काय करायचं ते ठरवून ४० मिनिटं मागा. नेमकं मागणं मान्य होणं सोपं असतं.

बारा आठवड्यांनी वही उलटून बघा. चुका बदलल्या असतील, म्हणजे सुरुवातीला फूल चपटं येत होतं आणि आता फक्त रंगांची अडचण उरली असेल, तर कॉम्प्युटरवरचं डिझाइन शिकायला पैसे खर्च करा. त्याच त्याच चुका होत असतील तर शिकवणारं माणूस हवं. आणि वही उघडायचाच कंटाळा येत असेल, तर तेही उत्तर समजा. मग चेकिंगमधल्याच वरच्या कामाकडं बघा, त्यात कमीपणा नाही.

एक काळजीनं विचारते. वहीशिवाय कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला.

सुरुवात उद्याच करता येईल. सुपरवायझरना विचारून रिजेक्ट टॉवेलचा एक तुकडा घ्या. लूप नसलेल्या सपाट पट्ट्यावर फूटपट्टीनं एक इंच आखा आणि सुईच्या टोकानं एकेक धागा सारत आधी उभे, मग आडवे मोजा. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा आणि ते दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमची पुढची किनार त्या मापानं काढा.