टर्मिनलमधून एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन) लागतं पण उबुंटूच्या फाइल्स ॲपमधून तोच सर्व्हर उघडत नाही, काय करू?

एसएसएच लागतंय म्हणजे नेटवर्क आणि पासवर्ड ठीक आहेत, तिथे वेळ घालवू नका. फाइल्स ॲप एसएफटीपी (एसएसएचवरूनच फाइल्स पाठवायची पद्धत) वापरतं, म्हणून टर्मिनलमध्येच एसएफटीपी कमांडने जोडून बघा, 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग' असा एरर आला तर बहुतेक सर्व्हरवरच्या बॅशआरसी फाइलमध्ये (शेल सुरू होताना आपोआप चालणारी सेटिंग फाइल, .bashrc) कोणीतरी एको ही मजकूर छापणारी कमांड टाकून वेलकम मेसेज छापतंय, लॉगिनला तो छान दिसतो पण एसएफटीपीला तिथे फक्त स्वतःचा डेटा हवा असतो म्हणून कनेक्शन तुटतं, ती ओळ काढूनच टाका. एसएफटीपी नीट चाललं तर मग फाइल्समध्ये टाकलेला पत्ता तपासा, सुरुवातीला एसएफटीपी आणि कोलन-दोन स्लॅश (sftp://) हवंच, आणि पोर्ट २२ सोडून दुसरा असेल तर आयपीनंतर कोलन देऊन तोही लिहा. तरी अडलं तर जीव्हीएफएस-बॅकएंड्स (gvfs-backends) पॅकेज आहे का बघा, फाइल्स ॲपला एसएफटीपी उघडायला तेच लागतं.