देठातील गाठ आणि हिरवे बेट

प्रश्न : युरोपातील अ‍ॅस्पेन वृक्षाच्या गळून पडलेल्या पिवळ्या पानांत कधी कधी एकच हिरवा पट्टा दिसतो आणि त्या पानाचा देठ फुगलेला असतो. हे कशामुळे होते?

उत्तर : हे एक्टोएडेमिया आर्गायरोपेझा नावाच्या इवल्याशा पतंगाच्या अळीचे काम आहे. पंख पसरले तरी या पतंगाची रुंदी जेमतेम 6 मिलिमीटर भरते. मादी पानाच्या देठावर अंडे घालते. त्यातून निघालेली अळी देठ आतून पोखरते, आणि त्या जागी देठ फुगून गाठीसारखा दिसू लागतो. तेथून ती पात्याच्या बुडाशी शिरते. शरद ऋतूत पान पिवळे पडून गळते, तरी अळीभोवतीचा भाग हिरवाच राहतो आणि जमिनीवर पडलेल्या पानातही तिला ताजे अन्न मिळत राहते. झाडाने टाकून दिलेले पान तिने जणू परस्पर राखून ठेवलेले असते! वनस्पतींच्या ऊतींचे वार्धक्य लांबवणारी सायटोकायनिन ही संप्रेरके अशा हिरव्या बेटांमागे असतात. सफरचंदाच्या पानात राहणाऱ्या एका दुसऱ्या पतंगाच्या अळीबाबत तर, तिच्या शरीरातील जिवाणू प्रतिजैविकाने नष्ट केल्यावर हिरवे बेट तयार होईनासे झाले, असे प्रयोगांत आढळले आहे.

या पतंगात नर अत्यंत दुर्मीळ असून माद्या बहुधा नराविनाच प्रजनन करतात. पूर्ण वाढलेली अळी पानाबाहेर पडून कोष विणते, आणि पुढच्या वसंतानंतर त्यातून पतंग निघतो.